फुटवे मी कापले नाहीत

अहो, दसरा झाल्यावर दुबेजी आले.

नेहमीसारखेच न कळवता आले, सकाळच्या चहाला, कात्री वर्तमानपत्रात गुंडाळून. फाटकाशी उभे राहिले, पण हाक मारली नाही. एरवी तिथूनच ओरडायचे, "चलो भाऊ, कत्लेआम शुरू किया जाए!" आणि तुम्ही आतून, दाढी अर्धीच झालेली असली तरी, "पहले चाय, फिर खून-खराबा." या घरात आलो तेव्हा पहिल्या वर्षी शेजाऱ्यांना काय वाटलं असेल, कोण जाणे. या वेळी मी खिडकीतून पाहिलं, तर ते फाटकाच्या कडीवर हात ठेवून नुसते उभे. मी दार उघडलं. म्हणाले, "भाभीजी, छँटाई का टाइम हो गया था. सोचा, पूछ लूँ." मग पायरीवर बसले आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मी आत जाऊन चहा टाकला. दोन कप आणायचे की तीन, हा घोळ माझा अजून होतो. तीन आणले. तिसराही त्यांनीच प्यायला.

तुमचा हा रिवाज मला किती तरी वर्षं विचित्र वाटायचा. खमरियाच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये असल्यापासून तुम्ही दोघं एकमेकांचे गुलाब छाटत आलात. आपल्या झाडावर आपली कात्री चालत नाही, असं तुमचं म्हणणं. "आपलं झाड असलं की हात आखडतो ना. ही राहू दे, हिला कळी येईल, ती राहू दे, असं करता करता अर्धं झाड तसंच राहून जाते. दुबेला काय, त्याले माझ्या झाडाची दया नाही." दुबेजी तुमच्याबद्दल हेच सांगायचे. एकाच सेक्शनला काम करणारी दोन मोठी माणसं रविवारी एकमेकांच्या अंगणात जाऊन झाडं गुडघ्याएवढी करून यायची, आणि ज्याची झाडं तो आत बसून राहायचा. तुम्ही तर रेडिओ मोठा लावायचात, कात्रीचा आवाज येऊ नये म्हणून.

दुबेजींनी काय पाहिलं ते सांगतेच. पण त्याआधी एक दुसरी गोष्ट सांगायची आहे. ती तुम्हालाच सांगता येईल.

तुम्ही गेलात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. भेटायला येणाऱ्यांना मी "हो, अचानकच झालं" म्हणत राहिले, पण अचानक काय होतं त्यात? गेली दोन वर्षं तुमचा एक एक श्वास आपण दोघांनी मिळून ओढला. तेरावं झालं, ऑक्सिजनचं मशीन परत न्यायला माणूस आला, त्याने वायर गुंडाळली, सही घेतली आणि गेला. घरात पहिल्यांदा शांतता झाली. मी खुर्चीत बसले, पुस्तक उघडलं आणि चार-पाच पानं सलग वाचली. तुमचा श्वास चालू आहे ना हे ऐकायला मध्ये थांबावं लागलं नाही. मला रडू आलं ते त्यानंतर. पण ते रडणं वेगळं होतं. पाय दुखेस्तोवर चालून आल्यावर चपला काढाव्यात, तसं.

नेहा आणि मी अस्थी सोडायला ग्वारीघाटाला गेलो होतो. नावाड्याने पाण्याच्या मध्यावर नाव थांबवली. घाटावरच्या बाईकडून घेतलेल्या द्रोणात झेंडूबरोबर गुलाबाच्या पाकळ्या होत्या, कोमेजलेल्या, कडा काळ्या पडलेल्या. त्या पाण्यात सोडताना नेहा हळूच म्हणाली, "आई, बाबा अभी क्या बोलते पता है? ये किस नालायक ने उगाया है." आम्ही दोघी हसायला लागलो. थांबताच येईना. नावाडी बिचारा दुसरीकडे बघत बसला. तुमच्या मुलीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र अशी. यावरूनही तुमचं-माझं भांडण अर्धंच राहिलं.

आता तुम्ही मला दिलेल्या गुलाबाकडे येते.

मी शाळेच्या लायब्ररीतून रिटायर झाले त्या हिवाळ्यात तुम्ही फुलांच्या प्रदर्शनातून तो आणलात. काळ्या पिशवीतलं, हातभर उंचीचं रोप. पिशवीला चिठ्ठी नव्हती, नाव नव्हतं. एकच फूल होतं, आतून पिकल्या आडूसारखं आणि कडेला फिकट होत गेलेलं. पीच कलर, तुम्ही म्हणालात. माझ्या हातात पिशवी देऊन तुम्ही सांगितलंत, "झुडपी गुलाब आहे. विकणारा म्हणे, काही करावं लागत नाही. फवारा नको, खत नको. हा घे. हा तुले हाका नाही मारणार."

तेव्हा मला आठवलं. एकदा तुम्ही तोंडाला पंचा बांधून गच्चीवर औषध फवारत होतात आणि मी वाचता वाचता म्हणाले होते, "मला एखादा असा गुलाब द्या, जो मला हाका मारणार नाही." मी ते सहज बोलले होते, आणि विसरलेही होते. तुम्ही ऐकलं होतं. मोठमोठी बक्षीसपात्र फुलं फुलवणारे तुम्ही, झुडपी गुलाबाला गुलाबच मानत नव्हतात, आणि तरी प्रदर्शनात नाक मुठीत धरून असलं रोप मागितलंत. त्या दिवशी मी "छान आहे" एवढंच म्हणाले. मला बोलायला वेळ लागतो. लिहायला तर फारच.

गढा वस्तीतल्या या घराला अंगण असं नाहीच. फाटकापासून पायरीपर्यंत एक पट्टा, चादर पसरावी एवढा. तो तुम्ही मला दिलात. तुमच्या कुंड्या गच्चीवर गेल्या आणि माझा गुलाब पुढच्या खोलीच्या खिडकीखाली लागला. आणि मग, ज्याला काही करावं लागत नाही त्या झाडाला तुम्ही रोज काहीतरी करायला लागलात.

माती उकरणं झालं. शेणखत झालं. मी म्हटलं, "अहो, विकणारा म्हणाला होता ना, काही नको." तुम्ही म्हणालात, "विकणाऱ्याले काय जाते बोलायला!" आणि सगळ्यात जास्त म्हणजे खालचे फुटवे. जमिनीतून एखादा लालसर कोंब वर आला की तुम्ही पायरीवर बसायचात, पानं मोजायचात आणि बुडातून कापायचात. तुमचा नियम मला पाठ होता. गुलाबाचं चांगलं झाड म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर बांधलेलं कलम. कलमाच्या खालून जे फुटतं ते त्या जंगली खुंटाचं. त्याच्या एका देठाला सात पानं असतात, चांगल्या गुलाबाला पाच. सात दिसली की कापा, नाहीतर जंगली वाढेल आणि वरचं कलम मरेल. तुमच्या गच्चीवरच्या झाडांसाठी हे खरंच होतं. तुमची झाडं बघायला लोक लांबून यायचे, ते काय उगाच नाही.

माझं झाड मात्र वाढेना. एकच काडी, वर चार फांद्या, वर्षाकाठी काही फुलं. झुडूप कसलं, छत्रीची काडी.

एका सकाळी मी जवळ बसून बघितलं. मग तुम्हाला म्हटलं, "वरच्या फांदीलाही सातच पानं आहेत."

"कुठे?"

"ही बघा. ही फूल आलेली फांदी. हिलाही सात."

"एखाद्या पानाले असते. पुस्तकात वाचलं का?"

"नाही. मोजली."

"तू पुस्तकंच मोज," तुम्ही म्हणालात आणि तो कोंब कापलात. रागावून नाही. तुम्ही माझ्यावर फार कमी वेळा रागावलात. तुम्हाला फक्त खात्री असायची. गोळी घेतली का, दार लावलं का, स्वेटर घातला का, हे जितक्या खात्रीने विचारायचात, तितक्याच खात्रीने तुम्ही माझ्या झाडाला जपत होतात. मी पुन्हा बोलले नाही. पण दर वेळी कात्रीचा आवाज आला की पान उलटायचं राहून जायचं.

आता वाटतं, तुमच्याच रिवाजात याचं उत्तर होतं. आपल्या झाडावर हात आखडतो. हे झाड माझं होतं, म्हणून तुमची कात्री इतकी छान चालली.

या जूनपर्यंत तुम्ही भिंतीला धरून बाहेर जात होतात. पाऊस लागला आणि पायरी उतरणं बंद झालं. मग तुमचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी आणला. पाऊस संपता संपता खालून फुटवे आले, तीन-चार, जाड, लाल, एका आठवड्यात खिडकीच्या कठड्यापर्यंत. तुम्ही उशीवरून बघत राहायचात. नाकाला नळी, आणि नजर फुटव्यांवर.

"काहून नाही कापले अजून?"

मी पुस्तकाचं पान उलटलं.

"तू वाचून राहिली, तिकडे जंगल वाढून राहिलं."

"वाढू दे."

"वरची काडी मरेल."

वरची काडी खरंच काळी पडत होती. ते मलाही दिसत होतं. पीच रंगाची सगळी फुलं आजवर त्याच काडीला आली होती. ती गेली आणि खालचे जंगली निघाले, तर तुम्ही मला दिलेला एकुलता एक गुलाब माझ्याच हट्टाने जाणार होता. तरी मी म्हटलं, "नाही कापणार. फूल येईपर्यंत नाही."

तुम्ही बराच वेळ श्वास गोळा केलात. मला वाटलं, आता ओरडाल. तुम्ही म्हणालात, "बरं. मग जंगली फूल आलं की मले सांगजो."

"सांगेन. आणि पीच आलं तर?"

तुम्हाला हसू आलं. हसण्याचा खोकला झाला, खोकल्यात पाठ चोळावी लागली, पाणी पाजावं लागलं. सगळं शांत झाल्यावर डोळे मिटूनच म्हणालात, "तर तेही सांगजो."

त्यानंतर आपण झाडाबद्दल बोललो नाही. कळी यायच्या आधीच तुम्ही गेलात.

तर दसऱ्यानंतर दुबेजी आले, त्यांनी दोन्ही कप संपवले आणि त्या झाडापुढे उकिडवे बसले. वरची काडी नखाने खरवडून पाहिली. आतून तपकिरी. "ये तो गया, भाभीजी." मग फुटव्यांची पानं मोजली. अगदी तुमच्यासारखी, बोट लावून. "और ये सब जंगली हैं. सात-सात पत्ती. भाऊ ने छोड़ कैसे दिए?"

"उन्होंने नहीं छोड़े. मैंने नहीं काटने दिए."

त्यांनी कात्री उघडली. मी म्हटलं, "रुकिए. फूल आने दीजिए. मुझे उनको बताना है."

"किसको?"

"आपके भाऊ को. वादा किया है."

मला वाटलं, आता हे मला समजावतील. लोक हल्ली समजावतात. पण दुबेजींनी कात्री बंद केली आणि मान हलवली, जसं काही मी बाजारातून काहीतरी आणायचं आहे म्हटलं होतं. "हओ. वादा किया है तो बताना पड़ेगा."

तुमच्या कुंड्या मी त्यांना दिल्या. रागावू नका. तुमच्या झाडांना रोज माणूस लागतो आणि तो माणूस मी नाही. दोन ई-रिक्षा भरून गेल्या. प्रत्येक कुंडी उतरवताना ते तिला "चलो बेटा" म्हणत होते. रिकामी गच्ची बघून मला वाईट वाटेल, असं मला वाटलं होतं. मी तिथे एक खुर्ची नेऊन ठेवली. सकाळचं ऊन छान येतं.

जाताना दुबेजी फाटकाशी थांबले. "भाभीजी, मेरे वाले कौन काटेगा? अब तो भाऊ के भी मेरे हो गए. मेरा हाथ तो इन पे चलेगा नहीं."

मी आयुष्यात छाटणीची कात्री धरली नव्हती. पण पुढच्या रविवारी गेले. त्यांनी फक्त सांगितलं, फांदीचा डोळा, म्हणजे नवा कोंब फुटतो ती जागा, बाहेरच्या बाजूला असेल त्याच्या जरा वर, तिरपं कापायचं, आणि आत गेले. आतून टीव्हीचा आवाज मोठा झाला. मला हसू आलं. तुमची झाडंही त्यात होती. ती कापताना माझा हात आखडला का? थोडा. मग सवय झाली.

दिवाळीच्या आधी खिडकीखालच्या सगळ्यात उंच फुटव्याला कळी आली. मी कोणाला सांगितलं नाही. रोज उठल्यावर पहिलं तिच्याकडे जायचं, मग दूध. कळीचं हिरवं आवरण फाटलं आणि आतून टोक दिसलं. गुलाबी. खुंटाच्या फुलांचा रंग तुम्हीच मला एकदा दाखवला होतात, खमरियाला कुंपणाशी वाढलेल्या झाडावर. फिकी गुलाबी, एकेरी, गरीब दिसणारी फुलं. हे टोक तसंच होतं.

मी पायरीवर बसले. वाईट तर वाटलंच. पण खरं सांगू, त्यात थोडं बरंही वाटलं. वाटलं, चला, तुमचं बरोबर होतं. शेवटपर्यंत सगळं नीट माहीत असलेला माणूस म्हणून तुम्ही गेलात, असं म्हणता येईल. मी मनात वाक्यही जुळवलं: तुमचं बरोबर होतं, मी ऐकायला हवं होतं, काडी गेली. ते वाक्य घेऊन दिवसभर घरात फिरले. नेहाचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, इतनी जल्दी हार मत मान. पूरा खुलने तो दे." तिला काय कळतं झाडातलं? तरी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उठायला उशीर झाला. ऊन खिडकीत आलं होतं. तुमचा पलंग आता तिथे नाही, पण मी अजून तिथूनच बाहेर बघते.

फूल उघडलं होतं. एकेरी नव्हतं. पाकळ्यांवर पाकळ्या, बाहेरच्या पाकळीची पाठ तेवढी गुलाबी, आणि आत तोच रंग, तुम्ही काळ्या पिशवीत आणलेला. पिकल्या आडूचा. कडेला फिकट होत गेलेला.

मी दुबेजींना फोन केला. ते पायात घरातलीच चप्पल घालून आले. उकिडवे बसले, फुलाला हात न लावता चारी बाजूंनी पाहिलं. मग देठापासून खाली बोट नेत नेत मातीपर्यंत गेले आणि माती थोडी बाजूला केली. बुडाशी कलमाची गाठ शोधत राहिले.

"ये कलम का था ही नहीं," शेवटी म्हणाले. "कहीं बाँधा नहीं गया. अपनी ही जड़ पर था. नीचे से जो आता था, यही आता था." मग म्हणाले, "भाभीजी, सात पत्ती वाली बात भाऊ को मैंने ही सिखाई थी. नए-नए थे तब."

"मग तुमचीच चूक," मी मराठीतच म्हटलं. त्यांना समजतं.

"हओ, मेरी ही." ते हसले. "पर भाऊ मानते नहीं, आपको पता है? कहते, दुबे, रात में किसी ने पौधा बदल दिया." आणि मग उठता उठता गुडघ्यावर हात ठेवून, "आप बता देना. पर ज़रा धीरे से."

म्हणून हळू लिहिते आहे. तसंही मला याहून भरभर येत नाही.

तर सांगते. पीच आलं. तुमचं चुकलं होतं. इतकी वर्षं तुम्ही ज्याला जंगली समजून कापत होतात, तो तुम्ही मला दिलेला गुलाबच होता, आणि तुम्ही कापत राहिलात तरी तो खालून येत राहिला. विकणारा खरं बोलला होता, त्याला काही करावं लागत नाही. मी जिंकले, पण त्याचं काही वाटत नाही. मला हायसं वाटतं ते याचं की तुम्ही दिलेलं माझ्या हातून गेलं नाही. आणि याचंही, की तुम्हाला सांगायला माझ्याकडे काहीतरी आहे, औषधाची वेळ आणि डॉक्टरांचा नंबर सोडून.

तुम्ही काय म्हणाल, तेही मला माहीत आहे. "एखाद्या झाडाचं असते तसं." म्हणा. आता खोकला येणार नाही.

फूल मी तोडलेलं नाही. तुमच्या फोटोलाही नाही वाहिलं, झाडावरच आहे. खिडकीतून दिसतं. आज सकाळी पाहिलं, बुडातून अजून दोन कोंब वर आले आहेत, लाल, बोटाएवढे. त्यांची पानं मी मोजली नाहीत.